पुनर्विवाहाआधीचा करार कुठे पुरतो, कुठे थिटा पडतो

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४३ वर्षांच्या आहेत. भांडुपला राहतात, खासगी कंपनीत नोकरी करतात. पाच वर्षांपूर्वी पती मृत्युपत्र न करता वारले. मुलगी पंधरा वर्षांची आहे. राहता फ्लॅट पतींनी स्वतःच्या पगारातून घेतला होता. पत्नी नॉमिनी असल्याने सोसायटीने भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) त्यांचं नाव लावलं. याशिवाय काही मुदत ठेवी आणि दागिने आहेत. सासूबाई कणकवलीला मोठ्या दिरांकडे असतात. आता एका ४९ वर्षांच्या घटस्फोटित गृहस्थांशी लग्न ठरतंय. त्यांचा मुलगा कॉलेजात आहे. लग्नानंतर सगळे भांडुपच्या घरातच राहणार आहेत. भाऊ म्हणतो, ‘स्टॅम्पपेपरवर लिहून घे की तुझ्या मालमत्तेवर त्यांचा हक्क नाही, नाहीतर घर सध्या माझ्या नावावर करून ठेव.’ दीर म्हणतात, ‘दुसरं लग्न केलंस की घरावरचा हक्क संपला.’ होणाऱ्या पतींसमोर कराराचा विषय काढायचा कसा, आणि करार केला की मुलीचं घर खरंच सुरक्षित होतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

करार जरूर करा. पण तुमच्या पत्रातली खरी काळजी मुलीच्या घराची आहे, आणि तिथे एकटा करार पुरत नाही. तुम्ही हयात असताना काय कुणाचं, हे करार सांगू शकतो. तुमच्या मागे काय कुणाला, हे फक्त तुमचं मृत्युपत्र सांगू शकतं. ही दोन कामं लोक एकाच कागदाकडून करून घ्यायला जातात आणि तिथेच फसतात.

आधी दिरांचं म्हणणं बाजूला ठेवू. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात, पुनर्विवाह केला की पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा हक्क जातो, असं कलम खरोखरच होतं. गावाकडे अजून तेच सांगितलं जातं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने चित्र बदललं आणि तो जुना कायदा १९८३ मध्ये रद्दच झाला. पती वारले त्या क्षणी तुमचा हिस्सा तुम्हाला मिळाला, तोही पूर्ण मालकीने. नंतर लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. मुलीचा वडिलांकडचा हक्क, कणकवलीला जमीन असेल तर तिच्यातला वाटासुद्धा, तुमच्या लग्नाने हलत नाही.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजूही ऐका. तुम्ही पत्रभर ‘माझा फ्लॅट’ असं लिहिलं आहे. तो पूर्ण तुमचा नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला की पत्नी, मुलं आणि आई यांना सारखे हिस्से मिळतात. म्हणजे तुमचा एक तृतीयांश, मुलीचा एक तृतीयांश आणि सासूबाईंचा एक तृतीयांश. नॉमिनी म्हणून भागपत्रावर नाव लागलं, त्याने मालकी बदलली नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे प्रकरण आलं, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. मुंबईत हा गैरसमज घरोघरी आहे, आणि तो फ्लॅट विकायला निघेपर्यंत किंवा पुनर्विकासाचा करार समोर येईपर्यंत उघडा पडत नाही.

म्हणून करारात ‘भांडुपचा फ्लॅट माझा’ असं लिहिलंत, तर पहिलंच वाक्य चुकीचं होईल, आणि चुकीच्या वाक्याने सुरू झालेल्या कागदाला पुढे कोर्टात वजन राहत नाही.

सासूबाईंच्या हिश्श्याचं काम लग्नाआधी हाती घ्या. उद्या त्या मृत्युपत्राशिवाय गेल्या, तर त्यांचा तिसरा हिस्सा त्यांच्या मुलांकडे आणि आधी गेलेल्या मुलाच्या मुलांकडे जाईल. सासरे हयात नसतील आणि नणंद नसेल, तर अर्धा दिरांना आणि अर्धा तुमच्या मुलीला. सून म्हणून तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही. म्हणजे दीर घरात एक षष्ठांश मालक होतील. तुम्ही सगळं लक्ष नव्या माणसाकडे लावलंय, पण आजच्या घडीला घरात वाटेकरी येण्याची जास्त शक्यता या बाजूने आहे.

सासूबाईंकडे जाऊन स्वतः बोला, भावाला पुढे करू नका. हिस्सा त्यांच्या हक्काचा आहे, तो ठेवायचा म्हणाल्या तर तसंच राहू द्या. त्याचा मोबदला मागितला तर तोही रास्त आहे. मनापासून द्यायचा असेल तर नातीला द्यावा, हे सगळ्यात स्वच्छ. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायको, मुलं, नातवंडं आणि दिवंगत मुलाच्या पत्नीला केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी शुल्क आणि शहरात लागू असतील ते अधिभार वेगळे. ‘दिवंगत मुलाची पत्नी’ या शब्दांवर लग्नानंतर कुणी शंका काढू शकेल, म्हणून तुमच्या नावे करायचं असेल तर ते आधी व्हावं. दस्त नोंदणीकृतच हवा. घरच्या घरी लिहिलेलं ‘माझा हक्क सोडला’ हे स्थावर मालमत्तेबाबत चालत नाही. त्यांना मुंबईला येणं जमत नसेल तर तिकडच्या दुय्यम निबंधकासमोर कुलमुखत्यारपत्र करता येतं. नोटरीच्या कागदावर भागवू नका. त्यांचं वय पाहता त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा. एवढंही नको असेल, तर त्यांनी नातीच्या नावे मृत्युपत्र करावं. एवढ्यानेही मुलीचं काम होतं, मात्र मृत्युपत्र त्या कधीही बदलू शकतात.

आता होणारे पती. लग्न झालं म्हणून बायकोच्या मालमत्तेत नवऱ्याचा हिस्सा निर्माण होतो, असं आपल्याकडे नाही. तुमच्या नावावरचं तुमचंच राहतं. मग धोका कुठे? चार ठिकाणी: तुमच्या मृत्यूनंतर, पैसे एकमेकांत मिसळल्यावर, कागदावर दोन नावं लागल्यावर आणि कर्जाला घर तारण दिल्यावर. यातला पहिला सगळ्यात मोठा, आणि नेमका त्यावर करार थिटा पडतो.

समजा, तुम्ही पुनर्विवाहानंतर मृत्युपत्राशिवाय गेलात. हिंदू स्त्रीच्या मालमत्तेचे पहिले वारस म्हणजे मुलं आणि पती. तुमचा एक तृतीयांश हिस्सा मुलगी आणि दुसरे पती यांच्यात निम्मा निम्मा होईल. पतींना फ्लॅटचा एक षष्ठांश मिळेल आणि त्यांच्यानंतर तो त्यांच्या मुलाकडे जाईल. तुमची मुलगी आणि त्यांचा मुलगा एका घराचे सहमालक होतील, कुणाचा हेतू वाईट नसतानाही. पतींनी करारात ‘मी कधीही वारसाहक्क सांगणार नाही’ असं लिहून दिलं तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार, पुढे कधीतरी मिळू शकणाऱ्या वारशाची नुसती आशा आज हस्तांतरित करता येत नाही. तसं वाक्य करारात असू द्या, त्यांची भूमिका त्यातून कळते. पण मुलीचं घर त्या वाक्याच्या भरवशावर ठेवू नका.

म्हणून मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवा. सही करताना दोन साक्षीदारांनी तुम्हाला पाहायला हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि सहज सापडतील असे निवडा, कारण मृत्युपत्र सिद्ध करताना निदान एकाची साक्ष लागते. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको. मजकुरात फ्लॅटचा नुसता नंबर लिहून थांबू नका. ‘या सदनिकेतील माझा जो काही हिस्सा असेल तो, तसेच पुनर्विकासात किंवा अन्य प्रकारे तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका व रक्कम’ असं लिहा. इमारत पाडून नवी झाली, नंबर बदलला, मृत्युपत्रात जुनाच नंबर राहिला आणि त्यावरून वाद झाला, हे मुंबईत वारंवार होतं. शेवटी ‘वर उल्लेख न झालेली माझी सर्व मालमत्ता’ हेही वाक्य हवं. मुलगी अठराची होण्याआधी तुम्हाला काही झालं तर तिचा पालक कोण, तेही लिहा. सावत्र वडील कायद्याने आपोआप नैसर्गिक पालक होत नाहीत.

आणि होणाऱ्या पतींचा विचारही त्यात करा. तुमच्या पश्चात त्यांना एक वर्ष त्या घरात राहता येईल, अशी मुभा लिहून ठेवली तर मुलीचं काही जात नाही. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला तेराव्यानंतर घर सोडायला लावणं तुम्हालाही नको असेल.

करारात काय असावं ते आता सांगते. विवाहपूर्व कराराला हिंदू विवाहासाठी वेगळा कायदा नाही. गोव्यात तशी तरतूद आहे, आपल्याकडे हा साधा करार समजला जातो. त्यामुळे मालकी, खर्च आणि पैसे यांपुरता तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. ‘घटस्फोट झाला तर कुणीही पोटगी मागणार नाही’ हे कलम टिकत नाही. हिंदू विवाह कायद्यात पोटगी पत्नीसारखीच पतीलाही मागता येते, तेव्हा पगारदार बाई म्हणून हे तुमच्या बाजूनेही समजून घ्या. ‘वेगळं व्हायचं असेल त्याने दहा लाख द्यावेत’ किंवा ‘कोर्टात जायचं नाही’ असली कलमं घालू नका; त्यांच्यामुळे बाकीच्या चांगल्या मजकुराकडेही न्यायाधीश संशयाने पाहतात.

कराराचा कणा म्हणजे त्याची परिशिष्टं. तुमचं एक, त्यांचं एक. तुमच्यात फ्लॅटमधला एक तृतीयांश अविभाजित हिस्सा, मुलीचा हिस्सा वेगळा दाखवून. प्रत्येक मुदत ठेवीचा क्रमांक, रक्कम आणि मुदत. भविष्य निर्वाह निधी. दागिने, मूल्यांकनकाराच्या दाखल्यावरच्या ग्रॅममधल्या वजनासह आणि फोटोंसह. मुलीसाठी राखलेले दागिने वेगळे लिहा. मुख्य कलम साधं ठेवा: ‘परिशिष्टातील मालमत्ता, तिचं उत्पन्न, तिच्या विक्रीची रक्कम आणि तिच्या बदल्यात मिळणारी मालमत्ता ही ज्याची त्याची स्वतंत्र राहील.’ ‘बदल्यात मिळणारी’ हे शब्द गाळू नका.

घरासाठी दोन कलमं जास्तीची. एक, पती आणि त्यांचा मुलगा तिथे कुटुंबीय म्हणून राहतील, त्या राहण्याने भाडेकरूचा किंवा मालकीचा हक्क निर्माण होणार नाही. आधार कार्डावर तो पत्ता आला तर हरकत नाही, पत्त्याने मालकी येत नाही. दुसरं, त्यांनी घरावर खर्च केला तर त्याचं काय? रंगकाम, फर्निचर, सोसायटीचं मेंटेनन्स हा संसाराचा खर्च, तो परत मागायचा नाही, असं लिहा. त्यावरचा मोठा खर्च उसनवार, आणि तो बँकेतून, लेखी.

पुनर्विकासाकडे विशेष लक्ष द्या. भांडुप-मुलुंड पट्ट्यात जुन्या इमारती भराभर त्या वाटेला लागल्या आहेत. नव्या घराचा करार सभासदाच्या नावे होतो. कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) आणि स्थलांतराचं भाडंही सभासदालाच मिळतं. पण वाढीव क्षेत्रफळ विकत घ्यायचं ठरलं आणि पैसे कमी पडले की नवऱ्याचे पैसे येतात आणि पाठोपाठ त्यांचं नाव करारावर येतं, टक्केवारी न लिहिता. मग कुणाचं किती यावर पुढची पिढी भांडते. त्यांचे पैसे आले तर तेवढी टक्केवारी त्याच दस्तात लिहायची, असं आत्ताच करारात ठरवा. कर्ज काढताना लक्षात ठेवा की सहमालकांना बँक सहकर्जदार करून घेते, पण सहकर्जदाराला सहमालक करण्याची गरज नसते. आणि घर कशासाठीही गहाण टाकायचं झालं, तर मुलीचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्ही आईही गहाण टाकू शकत नाही, विकू किंवा बक्षीस देऊ शकत नाही.

दोघांचे वकील वेगळे हवेत. एकाच वकिलाने लिहिलेला आणि हॉलवर आदल्या संध्याकाळी सही झालेला करार पुढे ‘दबावाखाली केला’ म्हणून हाणून पाडता येतो. लग्नाच्या किमान महिनाभर आधी सही करा, दोघांना नीट समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत. प्रत्येक पानावर सही, दोन साक्षीदार, नोटरी. मुद्रांक पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा लागतो. नुसती असलेली मालकी जाहीर करत असाल तर नोंदणीची गरज नाही. घरातला हक्क देणं-घेणं होत असेल तर मात्र नोंदणी हवीच.

भावाची दुसरी सूचना मला मान्य नाही. ‘घर सध्या माझ्या नावावर कर’ यात त्याचा हेतू चांगला असेल, पण कागदावर ते त्याचं घर होईल. त्याच्या कर्जाचे, आजारपणाचे, वारसांचे सगळे धोके तुमच्या मुलीच्या घराला चिकटतील. बक्षीसपत्र एकदा झालं की मर्जीने परत घेता येत नाही. मुलीचा हिस्सा तर तुम्ही त्याला देऊच शकत नाही. तुमचा हिस्सा आत्ताच मुलीला बक्षीस द्यावा का? ते सुरक्षित वाटतं, पण तुमची पुढची तीस-चाळीस वर्षं आहेत. घाबरून स्वतःचं छप्पर सोडू नका. द्यायचाच असेल तर स्वतःचा तहहयात राहण्याचा हक्क त्याच दस्तात राखून ठेवा. माझ्या मते तुमच्यासाठी मृत्युपत्र पुरेसं आहे.

नॉमिनेशनची कामं छोटी आहेत, पण विसरली जातात. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांनुसार लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न झाल्यावर रद्द ठरतं. म्हणजे आज मुलीचं नाव असलं तरी लग्नानंतर ते पुन्हा भरावं लागेल. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. मुलगी अल्पवयीन आहे, तेव्हा तिच्या वतीने रक्कम कोण स्वीकारेल त्याचं नाव भरायला विसरू नका. मुदत ठेवी एकटीच्या नावावर ठेवा आणि घरखर्चाला एक संयुक्त खातं उघडा. दिवंगत पतींच्या भविष्य निर्वाह निधीतून तुम्हाला दरमहा ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन मिळत असेल तर ती पुनर्विवाहाने थांबते. ही गोष्ट कार्यालयाला कळवा, नाहीतर नंतर वसुली होते. त्याच वेळी मुलीची पेन्शन २५ टक्क्यांवरून विधवा-पेन्शनच्या ७५ टक्के होते आणि वयाच्या पंचविशीपर्यंत मिळते, ती मागून घ्या.

विषय कसा काढायचा? तुम्ही गृहीत धरलंय की करार म्हणजे अविश्वास. त्यांनाही मुलगा आहे. त्याच्यासाठी त्यांनी काही राखून ठेवावं, असं तुम्हाला वाटत नाही का? मग बोलणं तिथून सुरू करा: ‘दोघांच्याही मुलांचं जे आहे ते आधी लिहून टाकू, म्हणजे नंतर आपल्यात तो विषय नको.’ तुमचं परिशिष्ट आधी तुम्ही द्या, मग त्यांचं मागा. त्यांच्याकडून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, आधीच्या पत्नीची पोटगी बाकी आहे का, कर्जं किती आणि कुणाला जामीन राहिलेत का, हे विचारा. जो माणूस याची सरळ उत्तरं देतो, त्याच्यासोबत करार करायला एक संध्याकाळ पुरते. करारावर वाद घातला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. कागद दाखवायचे टाळले तर मात्र लग्नाची तारीख पुढे ढकला.

इतर वाचकांसाठी थोडं. अपत्य नसलेली विधवा पुनर्विवाहानंतर मृत्युपत्राशिवाय गेली, तर पहिल्या पतीकडून वारसाने आलेलं पहिल्या पतीच्या वारसांकडे परत जातं आणि स्वतःची कमाई दुसऱ्या पतीकडे. हिंदू स्त्रीचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही; ख्रिस्ती आणि पारशी स्त्रीचं मात्र लग्न होताच रद्द होतं. तिने लग्नानंतर ते नव्याने करायलाच हवं. विशेष विवाह कायद्याने आंतरधर्मीय लग्न करणाऱ्यांनीही तेच करावं. मुस्लिम स्त्रीला साधारण एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र करता येतं आणि मुलं असतील तर पतीचा हिस्सा एक चतुर्थांश ठरलेला आहे. तिच्यासाठी हयातीत ताबा देऊन केलेला हिबा (मुस्लिम कायद्यातलं बक्षीस) जास्त उपयोगी.

एक राहिलं, मुलगी. पंधराव्या वर्षी तिला सगळं कळतं. घराचा एक तृतीयांश तिचा आहे, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या, काकांच्या किंवा मामाच्या नव्हे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, फ्लॅटचा मूळ करारनामा, भागपत्र, वारस दाखला आणि तुमच्या मृत्युपत्राची प्रत एका फायलीत लावा आणि ती फाइल कुठे आहे ते तिला दाखवून ठेवा.